एकेचाळीस निळ्या चौकटी

आईचा चाळिसावा उरकून सनोबर मशहदला परतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला कामावर हजर झाली. हवामान केंद्रातल्या बायकांनी तिला दारातच गाठलं. गळ्यात पडल्या, "हे तुझं शेवटचं दुःख असो" म्हणाल्या. एकीनं खजुरात अक्रोड भरून आणले होते, ते मृताच्या नावानं, फातिहा म्हणून, वाटले. सनोबरनं सगळ्यांचे आभार मानले, एक खजूर तोंडात टाकला आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. आपणच दुसऱ्या कुणाच्या सांत्वनाला आलो आहोत, असं तिला वाटत राहिलं.

चाळीस दिवसांत ती एकदाही रडली नव्हती. गावातल्या बायकांच्या ते नजरेतून सुटलं नव्हतं. शिकलेल्या पोरींचे डोळे कोरडेच, असं एकीनं दुसरीच्या कानात सांगितलं होतं, पण सनोबरला ऐकू जाईल इतक्या बेतानं. तिला त्याचाही राग आला नव्हता. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तसं तिचं सगळं झालं होतं. आपलंच आहे हे कळतं, पण चावलं तरी दुखत नाही.

तिची आई माहपरी एकसष्ट वर्षांची होऊन गेली. त्यांच्या गावाकडे, सीस्तानात, उन्हाळ्याचे चार महिने वारा थांबत नाही. पूर्वी तो हामून सरोवरावरून यायचा आणि घरं गार करायचा. सरोवर आटल्यापासून तो सरोवराचा तळ उचलून आणतो. माहपरी खिडक्यांना ओल्या चादरी बांधायची, संध्याकाळी त्या पिळल्या की बादलीत चिखल पडायचा. जो चादरीत अडकला नाही तो वीस वर्षं तिच्या छातीत साचत गेला.

दुपारी डॉक्टर मोहतशमनी तिला खोलीत बोलावलं. केंद्राचे प्रमुख तेच. साठीचे, सडसडीत, बोलताना चष्मा पुसायची सवय. चार शब्द दुःखाचे बोलून झाल्यावर ते कामावर आले.

"तीस वर्षांचा अवर्षणाचा अहवाल महिनाभरात पूर्वेच्या प्रांतांच्या समितीला द्यायचाय. खोरासान बरोबर येतंय, बिरजंद बरोबर येतंय, झाहेदानसुद्धा ठीक. एक तुझं सीस्तान तेवढं बसत नाही. मॉडेल म्हणतं, तिथला उन्हाळा सुखाचा आहे."

"किती फरक आहे?"

"जाबोलच्या केंद्रावर मोजलेलं तापमान आणि आपलं, यात साडेचार अंशांचा. हवेतली ओल तर विचारूच नकोस. कास्पियन समुद्राकाठच्या गोरगानहून उचलून आणून ठेवल्यासारखी." त्यांनी चष्मा पुसला. "तू नसतीस तर दुसऱ्याला दिलं असतं. पण तिथला माणूस तूच आहेस."

"मी बघते," सनोबर म्हणाली.

त्या मॉडेलचं काम तसं समजायला कठीण नाही. साऱ्या जगाचं हवामान कुणीतरी मोठ्या यंत्रांवर आधीच काढून ठेवलेलं असतं. त्यातला आपल्या प्रदेशाच्या चारी कडांवरचा भाग घ्यायचा आणि मॉडेलला भरवायचा : वारा कुठून येतोय, किती तापलाय, किती ओला आहे. खाली जमिनीचा नकाशा अंथरायचा, म्हणजे डोंगर कुठे, शेत कुठे, वाळू कुठे, पाणी कुठे. मग कडेनं आत शिरलेल्या हवेचं त्या जमिनीवरून जाताना काय होईल, ते मॉडेल दहा-दहा किलोमीटरच्या चौकटींत मांडत जातं. अक्कल त्याला स्वतःची नसते. पेराल ते उगवतं.

सनोबरनं आधी कडांवर संशय घेतला. सगळेच घेतात. जगाचं हवामान पुरवणारा एक संच काढला आणि दुसऱ्या देशानं केलेला दुसरा घातला. मॉडेल पुन्हा चालवलं. चार दिवस गेले. सीस्तान गारच. मग मॉडेलमधली पाऊस काढायची रीत बदलली, ढगांची बदलली. आणखी आठवडा गेला. पाऊस थोडा इकडेतिकडे झाला, उन्हाळा मात्र तसाच सुखाचा.

शेजारच्या टेबलावर नौजर बसायचा. बिरजंदचा, जाड भुवयांचा, कामाला वाघ आणि बोलायला त्याहून. चाळिसाव्यानंतर महिनाभर तरी तिच्याशी थट्टा करायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. ते त्याला बारा दिवस जमलं.

"सनोबर खानम," तो म्हणाला, "घरात भांडण झालं की तुम्ही सीस्तानी लोक आधी बाहेरच्यांनाच नावं ठेवता का? दोन आठवडे झाले, वाऱ्याची चौकशी, ढगांची चौकशी. घरातली जमीन एकदा उकरून बघा की."

"जमीन काय बघायची? जमीन जमीनच असते."

"बघा तर."

तिनं जमिनीचा नकाशा उघडला. वाळू पिवळी, खडक करडे, शेतं हिरवी. नकाशाच्या पूर्व कडेला, अफगाण सीमेवर, निळा डाग होता. तिनं तो मोठा केला. डागाच्या चौकटी झाल्या. तिनं बोट ठेवून मोजल्या. एकेचाळीस. पुन्हा मोजल्या, पुन्हा एकेचाळीस. हामून भरलेलं होतं.

नकाशा ज्या उपग्रह-चित्रांवरून केला होता ती तीस वर्षांपूर्वीची होती. तेव्हा हामून खरंच भरलेलं असायचं. मग ते आटलं, आणि नकाशा बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मॉडेल बिचारं दर उन्हाळ्यात त्या पाण्याची वाफ करत होतं. पाणी कधी संपत नव्हतं, कारण निळं म्हणजे पाणी, एवढंच त्याला सांगितलेलं. तीस वर्षं वारा त्या पाण्यावरून जाऊन जाबोलवर गार होत होता. दुष्काळ नुसत्या पावसावरून मोजत नाहीत, हवा किती तहानेली आहे हेही धरतात. इथल्या हवेची तहान रोज फुकटात भागत होती.

नौजर तिच्या खांद्यावरून बघत होता. 

तिनं फाइल कुणी आणि कधी घातली ते पाहिलं. सात वर्षांपूर्वी. फाइल घालणाऱ्याचं नाव सनोबर जहानतीग. ती केंद्रात नवी लागली होती तेव्हा, पहिल्याच अहवालासाठी. मॉडेलबरोबर आलेला नकाशा तिनं जसाच्या तसा उचलून ठेवला होता. सगळे ठेवतात.

तिनं पडदा बंद केला आणि चहा आणायला गेली. आपल्याला काहीतरी वाटायला हवं होतं, हे तिला जिना उतरताना कळलं. चहा घेऊन वर येईपर्यंत ते कळणंही विरलं.

डॉक्टर मोहतशमनी सगळं ऐकून घेतलं.

"बदलायला किती वेळ लागेल?"

"बदलणं दहा मिनिटांचं. पण सगळी तीस वर्षं कोरडी दाखवली तर तेही खोटंच. सुरुवातीला पाणी होतं, मध्ये गेलं, मध्ये थोडं आलं. प्रत्येक वर्षाचा नकाशा वेगळा द्यायला हवा. २००३पासूनची चित्रं आपल्याकडे आहेत. त्याआधीची बारा वर्षं नाहीत."

"मग?"

"गावी जाऊन विचारते. बाबा तिथं मासेमारी करत होते."

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

"एक लक्षात ठेव. समितीनं यंदा पाच वर्ग केलेत. सध्या तुमचा भाग तिसऱ्यात बसतोय. पाणी काढलंस की थेट पाचव्यात जाईल. पाचव्या वर्गाला नवी पाइपलाइन नाही. दोन वर्षं टँकर, मग तोही बंद, आणि लोकांना उत्तरेला घरं. कर किंवा करू नकोस असं मी म्हणत नाही. करायच्या आधी तुला माहीत असावं, एवढंच."

"माहीत झालं," सनोबर म्हणाली.

जाबोलची बस सकाळी पोचली. तिथून गावाकडे जायला पिकअप मिळाली, मागे पिठाची पोती, पुढे ड्रायव्हरशेजारी ती. रस्ता हामूनच्या तळातूनच जातो. भेगाळलेली पांढरी जमीन, मध्येच काठीसारखा उभा वाळका बोरू, एका बाजूला अर्धी गाडलेली होडी. मॉडेलमध्ये जिथं पाणी होतं तिथून पिकअप धुरळा उडवत साठच्या वेगानं गेली. सनोबर काचेतून बघत होती. हे तिनं आधी पाहिलं नव्हतं असं नाही. दर नौरोजला ती याच रस्त्यानं घरी यायची.

बाबा उंबऱ्यावर बसले होते. मुरादअली जहानतीग, वय सत्तर, गावात सगळ्यांचे कल मुराद. करबलेची यात्रा केलेल्या माणसाला तिकडे कल म्हणतात. माहपरी गेल्यापासून शेजारची गुलबीबी खाला दोन्ही वेळा भाकरी आणि काहीतरी पातळ घेऊन यायची, आणि ते गिळेपर्यंत समोरून उठायची नाही. आजही होतीच.

"अचानक?" बाबा म्हणाले. "सुट्टी?"

"काम आहे, बाबा. तुमच्याकडेच."

"माझ्याकडे? बाई, सरकारचं काम माझ्याकडे आलं म्हणजे सरकारचं कठीण आहे."

गुलबीबीनं पिवळ्या कश्काचं, म्हणजे दह्यागव्हाच्या पेजेचं, वाडगं तिच्यापुढे सरकवलं. "आधी खा. हाडं दिसायला लागलीत. मशहदला काय फक्त दर्ग्यात जियारतच करतेस का?"

सनोबरनं दोन घास खाल्ले. कश्क आंबट असतं हे तिला आठवलं, लागलं मात्र नाही. मग तिनं वही काढली.

"बाबा, हामून काठोकाठ भरलेलं शेवटचं कधी होतं?"

"यारमोहम्मद पलटणीत गेला त्या वर्षी." यारमोहम्मद तिचा थोरला भाऊ, आता गोरगानला गवंडीकाम करतो.

"काय सांगतोस, कल मुराद," गुलबीबी म्हणाली. "पलटणीत गेला त्याच्या आदल्या वर्षी. माझी गाय बोरूत अडकली, तू होडी घेऊन आलास आणि स्वतःच बुडालास."

"बुडालो नव्हतो. उतरलो होतो."

"टोपी तेवढी तरंगत होती."

"ती गाय आदल्या वर्षीची. पलटणीच्या वर्षी पूर आला. तुझ्या न्हाणीत मासे शिरले ते विसरलीस?"

गुलबीबी थांबली. "तेही खरं," ती म्हणाली. "दोन्ही वर्षं भरलेलं होतं. लिही, पोरी. माझ्या न्हाणीपर्यंत, असं लिही."

सनोबरनं लिहिलं. यारमोहम्मद पलटणीत गेला म्हणजे १९९८. त्याच्या पुढच्या वर्षी, बाबा म्हणाले, वसंतात पाणी आलं पण मागच्या मागेच फिरलं. नदीच्या मुखाजवळचा उथळ भाग आधी गेला, शरदापर्यंत. वायव्येचं साबरीचं खोल पाणी त्यानंतरही एक हिवाळा टिकलं. सगळे मच्छीमार तिकडे धावले. एकेका जाळ्यात इतके मासे, की ओढवेनात.

"लोक खूश होते," बाबा म्हणाले. "मी पण. मासे सगळे एका जागी आलेत, हे का आलेत ते कुणी विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिथंच वास सुटला."

"मग?"

"मग काही नाही. मग तीन वर्षं काहीच नाही. त्यात सांगण्यासारखं काय? गायी गेल्या, त्याच वर्षी तू शाळा संपवलीस."

बारा वर्षं लिहून व्हायला दुपार झाली. कुठल्या महिन्यात कुठवर पाणी, हे बाबा काडीनं जमिनीवर काढून दाखवायचे आणि गुलबीबी ते पायानं पुसून दुरुस्त करायची. सनोबरनं दोघांचं ऐकून रेघ मारली. काम नीट झालं होतं. तिनं वही मिटली.

"हे कशाला लागतं ग?" गुलबीबीनं विचारलं.

"अहवालाला. दुष्काळ किती आहे ते ठरवायला."

"अगं, ते ठरलंय ना. मागंच. इथं जवळच, आदिमी गावाला छातीचा दवाखाना होणार होता, जागासुद्धा आखली होती. तुझ्या आईला जाबोलला न्यायला लागलं नसतं दर वेळी. मग साहेब आले आणि म्हणाले, कागदात तुमचा दुष्काळ मध्यम आहे, मध्यमवाल्यांना दवाखाना नाही." ती हसली. "मध्यम म्हणजे किती ग सनो? गुडघ्यापर्यंत?"

"हे कधी झालं?"

"झाली की सहा-सात वर्षं. उंटावर बसून शेळ्या हाकणारे लोक, त्यांना काय कळतंय."

 बाहेर एक मेंढी ओरडत होती, तिला कुणीतरी हाकललं.

"तो कागद मी केला होता," ती म्हणाली.

गुलबीबीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी सनोबरकडे.

"म्हणजे आम्ही पाच-सहा जण होतो. पण जमिनीचा नकाशा मी घातला होता. त्यात हामून भरलेलं होतं. जुना नकाशा होता. मी उघडून पाहिला नाही."

"तुला माहीत नव्हतं, आटलंय ते?" बाबांनी विचारलं. आवाज चढवला नाही. खरंच विचारत होते.

"माहीत होतं."

"दर नौरोजला येत होतीस."

"हो."

"त्याच रस्त्यानं."

"हो, बाबा."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिनं हामूनचा कोरडा तळ आणि मॉडेलमधलं सीस्तान या दोन गोष्टी कधी शेजारी ठेवूनच पाहिल्या नव्हत्या. एक घर होतं, दुसरं काम.

बाबा उठले, आत गेले आणि समोवारशी काहीतरी खुडबुड करू लागले. गुलबीबीनं रिकामी वाडगी एकात एक घातली. "तू घातलास म्हणून माहपरी गेली असं काही नाही," ती म्हणाली. "दवाखाना झाला असता तरी डॉक्टर आला असता की नाही, खुदा जाणे." ती हे समजावायला म्हणाली, पण सनोबरला वाटलं, हिनं दोन्ही बाजू अगदी बरोबर तोलल्या. तिनं मान हलवली.

बाबा चहा घेऊन आले. साखरेचा खडा दातांत धरून पहिला घोट झाल्यावर म्हणाले, "तुझ्या यंत्रात हामून अजून भरलेलंय?"

"हो."

"बोरू आहे?"

"नाही. नुसतं पाणी."

"मासे?"

"त्यात मासे नसतात, बाबा. माणसंही नसतात. हवा आणि जमीन, एवढंच."

"मग कोरडं कर."

"कोरडं केलं तर आपलं गाव पाचव्या वर्गात जाईल." तिनं डॉक्टर मोहतशमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. पाइपलाइन, टँकर, उत्तरेची घरं. सांगताना आवाज तिचाच होता, पण रेडिओवरच्या बातम्यांसारखा.

"म्हणजे खोटं लिहिलं तेव्हा दवाखाना गेला," गुलबीबी म्हणाली, "आणि खरं लिहिशील तर गाव जाईल. वाटणी चांगली आहे."

"बाबा, तुम्ही काय म्हणता?"

"मला कशाला विचारतेस? मी राहू दे म्हटलं तर पाणी ठेवशील?"

सनोबरनं विचार केला. खरोखर केला. "नाही," ती म्हणाली.

"मग झालं. जेव, आणि संध्याकाळच्या बसला जा."

मशहदला आल्यावर तिनं बारा वर्षांचे बारा नकाशे केले, आणि पुढच्या वर्षांचे चित्रांवरून. एकेचाळीस चौकटींपैकी कुठल्या वर्षी किती निळ्या आणि किती पांढऱ्या, हे ठरवून एकेक चौकट बदलायची. बोट एकाच कळीवर पुन्हा पुन्हा पडत होतं. नदीमुखाजवळच्या चौकटी आधी गेल्या, साबरीच्या नंतर. गुलबीबीची न्हाणी जिथं होती ती चौकटही एका वर्षी तिनं निळी केली आणि पुढच्या वर्षी पांढरी. नौजर तिला चहा आणून देत होता आणि विनोद करत नव्हता.

मॉडेल नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी सीस्तान तापलेलं निघालं. साडेचार अंशांचा फरक एका अंशाच्या आत आला. ओल उतरली. वाराही बदलला. कोरड्या तळावरून तो अधिक जोरानं सुटू लागला, अगदी केंद्राच्या नोंदीत होता तसा. पाऊस अजून थोडा जास्त येत होता, पण तो सगळ्याच प्रांतांत येत होता. नौजरनं दोन्ही आलेख एकावर एक ठेवले.

"बसलं," तो म्हणाला. "सनोबर खानम, असं बसलेलं मी आजवर पाहिलं नाही."

"हो," ती म्हणाली.

इतकी वर्षं तिनं अशाच क्षणासाठी काम केलं होतं. तिनं आलेख जतन केला, त्याला नाव दिलं, आणि जेवणाची सुट्टी झाली म्हणून जेवायला गेली.

अहवालात तिनं एक परिच्छेद स्वतःहून घातला : सात वर्षांपूर्वीच्या अहवालात सीस्तानचं अवर्षण मध्यम दाखवलं होतं, ते चुकीचं होतं, जमिनीच्या नकाशात आटलेलं सरोवर भरलेलं दाखवलं होतं, तो नकाशा सनोबर जहानतीगनं घातला होता.

डॉक्टर मोहतशमनी तो दोनदा वाचला. "हे कुणी मागितलेलं नाही."

"नाही."

"नाव कशाला? 'केंद्राकडून' असं लिही."

"केंद्रानं नाही घातला. मी घातला."

"आणि घालू देणारा मी. तपासणीची सही माझी आहे त्या अहवालावर."  मग त्यांनी पेन काढलं, तिच्या नावाशेजारी आपलं नाव लिहिलं, आणि परिच्छेद पहिल्या पानावरून उचलून परिशिष्टात टाकला. त्र्याऐंशीव्या पानावर. तेवढीच त्यांची हिंमत होती आणि तेवढी त्यांनी दाखवली.

समितीच्या बैठकीत एका गृहस्थानं विचारलं, "मागच्या वेळी याच यंत्रानं मध्यम सांगितलं होतं, आता भयंकर सांगतंय. आम्ही कुठलं खरं धरायचं?"

"आताचं," सनोबर म्हणाली. "मागच्या वेळी आम्ही त्याला जमीन चुकीची दिली होती."

"आणि आता बरोबर दिलीत कशावरून?"

"तिथं राहणाऱ्यांना विचारलं."

गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतलं. त्र्याऐंशीवं पान कुणी उघडलं नाही. सीस्तानची सदतीस गावं पाचव्या वर्गात गेली. तिचं गाव यादीत एकोणतिसावं होतं.

टँकर दोन वर्षं येणार होता, तो चौदा महिने आला. गुलबीबी सगळ्यात आधी गेली, गोरगानजवळ मुलाकडे, कोंबड्या सोबत घेऊन. घराच्या दाराला तिनं कुलूप लावलं आणि किल्ली कल मुरादला दिली, जणू आठवड्यानं येणार आहे. मग एकेक घर बंद होत गेलं. बाबा सहा घरं उरेपर्यंत राहिले. सनोबरनं त्यांना मशहदला चला म्हटलं, पण तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्यांना करमणार नव्हतं. शेवटी यारमोहम्मद ट्रक घेऊन आला. सामान अर्ध्या ट्रकात मावलं. निघायच्या आधी बाबा कबरस्तानात जाऊन आले. किती वेळ गेले होते ते कुणी पाहिलं नाही.

गोरगानच्या बाहेर सरकारनं दिलेली घरं एका रांगेत आहेत, मागे गव्हाची शेतं, हिरवीगार. सनोबर वसंतात तीन दिवसांसाठी गेली. बाबांचं नाव तिथल्या कार्यालयात नोंदवायचं राहिलं होतं, त्यासाठी ती त्यांना घेऊन गेली.

कारकून तरुण होता, सभ्य होता. त्यानं नाव, वडिलांचं नाव, जन्मसाल लिहिलं.

"व्यवसाय?"

"मासेमारी," बाबा म्हणाले.

"इथं? समुद्रावर परवाना काढलाय का, आजोबा?"

"समुद्रावर नाही."

कारकुनानं सनोबरकडे पाहिलं.  त्यानं रकाना कोरा ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला, घरात माणसं किती. बाबांनी एक बोट वर केलं.

बाहेर आल्यावर कोपऱ्यावर तंदूर होता, भाकरी घ्यायची होती म्हणून दोघं रांगेत उभे राहिले. पुढचा तरुण बाबांची बोली ऐकून मागे वळला. "काका, सीस्तानचे का? आम्ही पण. आजोबा आले होते."

"कुठलं गाव?"

"ते काही मला माहीत नाही. तुमचं?"

बाबांनी नाव सांगितलं. तरुणाला ते ठाऊक नव्हतं. "कुठल्या बाजूला येतं?"

"ख्वाजाच्या डोंगराच्या पूर्वेला," बाबा म्हणाले. "पाणी उजव्या हाताला ठेवून—" आणि थांबले. तरुण वाट बघत होता. "लांब आहे," बाबा म्हणाले.

त्यांची पाळी आली. सनोबरनं चार भाकऱ्या घेतल्या. भाजणाऱ्यानं त्या तशाच, तव्यासारख्या तापलेल्या, तिच्या हातावर ठेवल्या. तिला एकदम चटका बसला, दोन्ही तळव्यांना, आणि डोळ्यांत पाणी आलं. तिनं भाकऱ्या ओढणीत घेतल्या. पाणी थांबेना. बाबांनी एकदा पाहिलं, तिच्या हातून भाकऱ्या काढून घेतल्या आणि तिला गाठता येईल अशा चालीनं पुढे चालू लागले.